सन्माननीय अज्ञात इसम यांच्या सेवेशी

प्रति,
श्री. अज्ञात इसम,
मुक्काम : जिथे गवत वाळेल तिथे.

महोदय,

सविनय नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, आपला पत्ता कोणालाच ठाऊक नाही. वनगुन्ह्यांच्या नोंदीत दर उन्हाळ्यात आपले नाव असते. ‘अज्ञात इसमाने आग लावल्यामुळे’ अशी सुरुवात करणे आता लिहिणाऱ्याच्या बोटांनाच पाठ झाले आहे. नावापुढचा रकाना मात्र कोरा. एवढ्या नामवंत माणसाला पत्र पोचवायचे तर ते चारचौघांत मोठ्याने वाचावे लागणार, म्हणून हा जाहीर खटाटोप. घाटातल्या एखाद्या टपरीवर भज्यांखालचा कागद म्हणून हे आपल्या हाती पडेल, अशी आशा आहे. वाचता वाचता विडी पेटवलीत तरी हरकत नाही. काडी तेवढी विझवून टाकावी.

सर्वप्रथम आपल्या फिरतीचे कौतुक. फेब्रुवारी लागतो न लागतो तोच आपण जावळीच्या डोंगरावर हजर. त्याच आठवड्यात ताम्हिणीत, मग कोयनेच्या कडेने पाटणकडे, पुढे चांदोली. मोहाची फुले गळू लागली की विदर्भाचा दौरा. 2023 च्या मार्चमध्ये तर गोव्यात सत्तरीला जाऊन म्हादई अभयारण्याला भेट दिलीत. त्या आगींत आपला हात किती आणि उन्हाचा किती, यावर तिथे बराच खल झाला. पण मानवंदनेत कसर राहिली नाही. नौदल आणि हवाई दल, दोघांचीही हेलिकॉप्टरे पाण्याच्या बादल्या लटकवून डोंगरावर आली. आमच्या डोंगरावर आजवर एकच हेलिकॉप्टर दिसले, तेही प्रचाराच्या दिवसांत, आणि ते थांबले नाही.

आपली कार्यक्षमता हा तर आमच्या अभ्यासाचा विषय. एक माणूस, एक काडी. निविदा नाही, तीन दरपत्रके नाहीत, तांत्रिक मान्यता नाही, प्रशासकीय मान्यता नाही, 31 मार्चच्या आत पैसे खर्ची टाकायची धावपळ नाही. आपल्या खात्यात एकच पद मंजूर आहे आणि ते आजवर एक दिवसही रिक्त राहिलेले नाही. हे आमच्याकडच्या कोणत्याही खात्याला जमलेले नाही, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

आमच्या बाजूने उभा असतो तो वनरक्षक. एका नियतक्षेत्राला एक. नियतक्षेत्र म्हणजे साधारण हजार हेक्टर डोंगर, कुठे त्याहून बराच जास्त. आणि शेजारची जागा भरलेली नसेल तर तिचाही अतिरिक्त कार्यभार त्याच्याच गळ्यात. हा गृहस्थ सकाळी बिबट्याने मारलेल्या शेळीचा पंचनामा करतो, दुपारी रोपवाटिकेतली रोपे मोजतो, मध्येच अतिक्रमणाच्या तक्रारीवर जाऊन दोन्ही बाजूंच्या शिव्या खातो, संध्याकाळी पाणवठ्यावरचे ठसे नोंदवतो. एवढे करून त्याची रात्र मोकळी राहते, हे फक्त आपल्या लक्षात आले. त्याच्या बायकोमुलांच्या वतीने आपले आभार.

जागेची निवड हा आपला खरा हातखंडा. रस्त्याकडेचे गवतही आपण पेटवता, पण ते सराव राहावा म्हणून. मन रमते ते वरच्या सड्यावर, कड्याच्या पोटात, जिथे गाडी जात नाही, फोन लागत नाही आणि शेवटचा झरा कधीच आटलेला असतो. तालुक्याच्या गावाहून निघालेला अग्निशमन बंब शेवटच्या घरापर्यंत येतो. चालक खाली उतरतो, मान वर करून डोंगराकडे बघतो आणि बंब वळवायला जागा शोधू लागतो. त्याचा काही दोष नाही. त्याच्या पाइपची लांबी आणि आपल्या प्रतिभेची उंची यांचे गणितच जमत नाही.

तिथून पुढे सगळे पायी. खांद्यावर पाण्याचे कॅन. हे पाणी आगीसाठी नसते, विझवणाऱ्यांच्या घशासाठी असते, आणि माथा येईपर्यंत निम्मे संपलेले असते. आग मात्र चढणीला धावते. उताराचा कोन दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुपटीवर जातो, कारण खालच्या ज्वाळा वरचे गवत आधीच शेकून ठेवतात. माणसाचे नेमके उलटे. डोंगराच्या पायथ्याशी उभे राहून काडी ओढताना आपण हे सगळे ध्यानात घेता आणि वर कोण किती वेळात पोचेल याची चिंता आमच्यावर सोडता. कामाची अशी वाटणी फार थोड्यांना साधते.

आता आमच्या शस्त्रागाराची ओळख करून देतो, म्हणजे आपल्या मनात उगाच भीती राहायला नको. मुख्य शस्त्र, ओली डहाळी. जांभळाची चालते, अंजनीची चांगली, पाने दाट हवीत. ती उंच उगारून मारायची नसते. तसे केले की ठिणग्या मागे उडतात आणि पाठीमागचे गवत पेटते. खालच्या खाली आपटायची आणि दाबून धरायची. आगीच्या तोंडासमोर उभे राहायचे नाही, तिच्या वरच्या अंगाला तर मुळीच नाही. शेपटाकडून सुरुवात करायची, जळून काळ्या झालेल्या बाजूने चालायचे आणि दोन्ही कडा झोडपत झोडपत तोंड आवळत आणायचे. ही रीत आठ-दहा माणसे असतील तेव्हाची. चार असतील तर एकच कड धरायची, दुसरी भैरोबावर सोडायची. दोनच असतील तर फोटो काढून वर पाठवायचा.

झोडपून झोडपून डहाळी सुकते आणि तीच पेट घ्यायला लागते. मग नवी तोडायची. जंगल वाचवायला आधी थोडे जंगल तोडावे लागते, हा विनोद आपल्याला आवडेल असे वाटले म्हणून कळवतो.

दुसरे शस्त्र ब्लोअर. पाठीवर घ्यायचे, पेट्रोलवर चालणारे यंत्र. वाऱ्याच्या झोताने पाचोळा बाजूला सारून आगीपुढे कोरी पट्टी पाडते. सरावलेल्या हातात असेल तर पुष्कळ माणसांचे काम एकटे करते. इतकी उपयोगाची वस्तू असल्यामुळेच ती मोजकी आहे. आमच्या भागात एक चालू आहे, एक दुरुस्तीला गेले आहे आणि एक कागदावर उत्तम स्थितीत आहे. चालू असलेल्याला पेट्रोल लागते, पेट्रोलला पावती लागते, पावतीला सही लागते, आणि सही करणारे बैठकीला गेलेले असतात. शिवाय पेट्रोलचा कॅन हातात घेऊन आगीच्या दिशेने चालत जाणाऱ्या माणसाला विमा लागतो. तो विषय काढला की सगळ्यांना घाईचे काम आठवते.

कपडे म्हणाल तर अंगात असतील ते. आगीवर जाताना जाड सुती कपडे घालावेत, असे प्रशिक्षणात सांगतात. मजुराच्या अंगात कुठल्याशा मंडळाने वाटलेला पॉलिएस्टरचा टी-शर्ट असतो. त्यावर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटते. पायात स्लिपर. तोंडाला टॉवेल. रात्री हवा थंड पडते, वारा मंदावतो, आग खाली बसते, म्हणून विझवायला रात्रच बरी. पण रात्री कड्याच्या टोकावर पाय कुठे टाकायचा ते दाखवायला विजेरी लागते. मोबाइलच्या दिव्यावर भागवतो आम्ही. नाहीतरी तिथे मोबाइलचा दुसरा उपयोग नसतो.

ही माणसे हंगामी असतात, हेही आपल्या कानावर घालतो. आग लागायच्या दिवसांत लागतात आणि पावसाच्या पहिल्या सरीबरोबर वाहून जातात. चार उन्हाळे डोंगरावर काढून वारा कसा वळतो, कोणत्या घळीत शिरायचे नाही, जळके बुंधे आतून किती वेळ धुमसतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कसे पुन्हा पेटतात, हे एखाद्याच्या अंगात मुरते न मुरते तोच तो पुण्याला गाडी चालवायला निघून जातो. मजुरी तिथे दर महिन्याला मिळते. आमच्याकडे ती गेल्या उन्हाळ्याची या उन्हाळ्यात मिळाली, तर माणूस पेढे वाटतो.

जाळरेषांचेही सांगायला हवे. उन्हाळ्यापूर्वी ठरावीक पट्ट्यांतले गवत कापून, राखणीत जाळून मोकळे पट्टे पाडायचे, म्हणजे आपली आग तिथवर येऊन अडेल, अशी ही जुनी आणि शहाणी रीत. कामाची वेळ थंडीतली. निधीची वेळ निधीलाच ठाऊक. त्यामुळे कधी अर्धीच जाळरेषा होते. आणि आगीला अर्धी जाळरेषा अजिबात दिसत नाही. कधी तर गवत कडकडीत वाळल्यावर, वारा सुटल्यावर, दोन-तीन माणसांनिशी जाळरेषा जाळायला घेतात आणि तीच हातातून सुटून डोंगरभर पळते. त्या दिवशीच्या अहवालातही आपलेच नाव घालतात. आपण याबद्दल कधी तक्रार केली नाहीत. मोठी माणसे अशीच असतात.

आपली कीर्ती अंतराळात पोचली आहे, हे कळले असेलच. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था 2004 पासून उपग्रहांच्या मदतीने आपल्या कामावर नजर ठेवून आहे. एका उपकरणाला किलोमीटरभराच्या चौकोनातली उष्णता कळते, दुसऱ्याला 375 मीटरच्या. उपग्रह डोक्यावरून गेला, लाल ठिपका उमटला, की अक्षांश-रेखांशासह संदेश थेट त्या नियतक्षेत्राच्या वनरक्षकाच्या मोबाइलवर. व्यवस्था खरोखर सुंदर आहे. मी हे उपहासाने म्हणत नाही. अडचणी दोनच. उपग्रह त्याच्या ठरलेल्या वेळी येतो आणि आपण आपल्या. शिवाय संदेश सुटतो तेव्हा वनरक्षक त्याच आगीपाशी, रेंज नसलेल्या सड्यावर, डहाळी घेऊन उभा असतो. पहाटे तो गावात उतरतो, फोन वाजतो आणि स्वतः रात्रभर कुठे होता ते त्याला अधिकृतपणे समजते.

आग पाहायची अवकाशातून आणि विझवायची झाडाच्या फांदीने. मधल्या पायऱ्या कोणी गाळल्या ते कळत नाही. याच संस्थेच्या 2019 च्या अहवालात म्हटले आहे की देशातल्या 36 टक्क्यांहून अधिक वनाच्छादनाला वारंवार आगी लागण्याचा धोका आहे. आपल्याला कामाची ददात पडणार नाही, एवढा त्याचा अर्थ आपण घ्यावा.

आपले शास्त्रही आम्हाला मान्य आहे. ‘जाळलं की गवत चांगलं येतं.’ येते की! राखेवर चार दिवसांत हिरवे कोंब दिसतात, कोण नाही म्हणतो? मार्चमध्ये डोंगरावर उभा असलेला वाळका चारा जाळायचा, एप्रिल-मे दोन महिने जनावरे उपाशी ठेवायची आणि जूनमध्ये, एरवीही जे गवत उगवणारच होते, त्याचे श्रेय घ्यायचे. यासाठी बुद्धी नुसती असून भागत नाही, ती गहाण टाकायची तयारी लागते. गेल्या पावसात रुजलेली बोटभर रोपे जळतात. जमिनीवर घरटी करणाऱ्या टिटवीची, चंडोलाची अंडी त्याच दिवसांत उघड्यावर असतात. उघडी पडलेली माती पहिल्या पावसात ओढ्याला मिळते आणि धरणात जाऊन बसते. दरवर्षी तोच उतार पेटला की झाडे उरत नाहीत आणि गवत तेवढे वाढते. पुढच्या वर्षी आपल्याला पेटवायला आणखी सोपे. आपण स्वतःच्या व्यवसायात गुंतवणूक करता आहात, हे आमच्या उशिरा लक्षात आले.

एक खुलासा मात्र इथेच करतो, नाहीतर नको त्या माणसाच्या घरी हे पत्र जाईल. कोकणात आणि मावळात भाताच्या रोपांसाठी राब भाजणारा शेतकरी म्हणजे आपण नव्हे. तो आधी कडेचे गवत काढतो, वारा बघतो, आणि राब विझेपर्यंत तिथून हलत नाही. मोहाची फुले वेचायला झाडाखालचा पाला जाळणाऱ्या बाईकडून कधी आग सुटते, हे खरे. पण ते जंगल जळले तर पुढच्या वर्षी तिच्याच टोपलीत काही पडणार नाही, हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळते. आपण अनेक वेशांत फिरता. कधी ससा-डुक्कर उठवायला गवत पेटवता. कधी शनिवारी रात्री पठारावर तंबू ठोकून कोंबडी भाजता आणि सकाळी निखाऱ्यांवर पाण्याची उरलेली बाटली न ओतता ती तिथेच टाकून निघता. कधी डोंगरउतारावरचा प्लॉट ‘साफ’ करून गिऱ्हाइकाला दाखवायचा असतो. चौकशी सुरू झाली की बोट पहिल्यांदा धनगराकडे आणि आदिवासी पाड्याकडे वळते, आणि आपली चारचाकी तोवर टोलनाका ओलांडून गेलेली असते.

आता थोडा वेळ आभार थांबवतो.

एप्रिल 2021 मध्ये गोंदिया जिल्ह्यात, नागझिऱ्याच्या जंगलात, आग विझवायला गेलेल्या मजुरांपैकी तीन जण होरपळून मेले. आणखी दोघे भाजले. हंगामी माणसे होती. आग आटोक्यात येते आहे असे वाटत असतानाच वारा सुटला, आणि कोंडीत सापडल्यावर पळायला जागा राहिली नाही. डोंगरावर आग झोडपलेल्या कोणालाही विचारा, तो क्षण त्याला माहीत असतो. बाकीच्यांच्या वेळी वारा दुसरीकडे वळला, एवढाच फरक.

उत्तराखंडातही आपले येणेजाणे आहे. 2024 च्या मे महिन्यात तिथल्या वणव्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होते. कृत्रिम पाऊस आणि पर्जन्यदेवता यांच्या भरवशावर राहणे हा उपाय नव्हे, असे न्यायालयाला सांगावे लागले. आगीशी लढायला दहा कोटींची मागणी असताना 3 कोटी 15 लाखच का दिले, असे त्याने विचारले. जंगले पेटलेली असताना वनकर्मचारी निवडणुकीच्या कामाला का लावले, असेही विचारले. त्यानंतर महिन्याभराच्या आत, 13 जूनला, अल्मोडा जिल्ह्यातल्या बिनसर अभयारण्यात गाडीतून आगीवर निघालेल्या आठ जणांच्या तुकडीला ज्वाळांनी गाठले. चौघे जागीच गेले, चौघे गंभीर भाजले आणि मृतांचा आकडा पुढे वाढला.

या दोन्ही ठिकाणची काडी कोणाची, ते आपले आपल्याला ठाऊक. पण न्यायालयाने विचारलेल्या प्रश्नांकडे पुन्हा बघा. त्यांत आपल्याविषयी एकही प्रश्न नाही. विचारले ते पैशाबद्दल, माणसांबद्दल, आणि माणसे कुठे पाठवली त्याबद्दल. हे वाचून आपल्याला थोडा अपमान वाटला असेल. मला मात्र त्या दिवसापासून शंका आली आहे की आपण दिसता तेवढे एकटे नाही. ज्यांची नावे, हुद्दे आणि केबिनचे क्रमांक सगळ्यांना माहीत आहेत, असे काही ज्ञात इसम वर्षानुवर्षे आपल्यासोबत भागीदारीत काम करत आहेत. काडी आपली, उशीर त्यांचा. गवत पेटवायला एकटे पुरेसे असता आपण. चार एकरांची आग चारशे एकर करायला त्यांची साथ लागते. आणि अहवालात नाव एकट्या आपले! भागीदारांचा उल्लेखही नाही. आपल्या जागी मी असतो तर कोर्टात गेलो असतो.

कोर्टावरून आठवले. 1927 च्या भारतीय वन कायद्यात, मूळ कलम 26 नुसार, राखीव जंगलाला आग लावणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले होते. त्या काळी पाचशे रुपयांत माणूस हादरत असेल. आज शिक्षा कितीही वाढवली तरी आपल्याला काळजीचे कारण नाही, कारण आधी आपल्याला पकडावे लागते. डोंगरावर वनरक्षक एकटा. समोर आग, खालच्या वाटेने पळणारे आपण. त्याने आपल्या मागे धावावे की आगीकडे? तो आगीकडे जातो. दर वेळी आगीकडेच जातो. आपला सगळा धंदा त्याच्या या एका सवयीवर उभा आहे, आणि त्याची पगारवाढ मात्र आपण कधी सुचवली नाहीत.

त्याच कायद्याचे कलम 79 म्हणते की ज्यांना जंगलात हक्क आहेत त्यांनी आग विझवायला मदत केलीच पाहिजे. हक्क काढून घ्यायचे आणि कर्तव्य तेवढे ठेवायचे, असे पुष्कळ ठिकाणी झाले. मग गावकरी ओट्यावर बसून म्हणतात, जंगल सरकारचं, सरकार विझवील. त्यांचे हे म्हणणे मला पटत नाही, पण ते कुठून आले ते कळते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तिथला बांबू आता गावाचा. अशा गावाच्या शिवारात काडी टाकण्याआधी आपण दोनदा विचार करावा, असे आपल्याच हिताचे म्हणून सुचवतो. ज्याचा बांबू, तो अंधारातही धावतो, आणि विझवून झाल्यावर आपल्यालाही शोधतो.

झाडे लावण्याच्या बाबतीत आमच्या राज्याचा हात कोणी धरू शकणार नाही. 2016 ला 2 कोटी, मग 4 कोटी, मग 13 कोटी, आणि 2019 ला 33 कोटींचे लक्ष्य. लावायचा हिशेब कोटींत आणि विझवणाऱ्यांचा बोटांवर. रोपाचा फोटो काढायला पन्नास माणसे जमतात, ते रोप पेटते तेव्हा फोटो काढण्याइतकाही उजेड असतो, पण येत कोणी नाही. त्यातली किती रोपे आपल्या वाट्याला आली हे आपणच सांगू शकाल. जुलैतल्या पुढच्या कार्यक्रमाला आपल्याला प्रमुख पाहुणे म्हणून बोलवावे, असे माझ्या मनात आहे. खड्डे तयार असतात. दरवर्षी तेच असतात, त्यामुळे खर्चही वाचतो.

शेवटी काही विनंत्या. पुढच्या हंगामापासून आपण आग लावण्याचा इरादा किमान पंधरा दिवस आधी लेखी कळवावा; ब्लोअरच्या पेट्रोलला तेवढा वेळ लागतो. शक्यतो मार्चअखेर टाळावी, त्या दिवसांत सगळे साहेब बिलांत असतात. उपग्रहाच्या वेळा पाहून काडी ओढलीत तर निदान संदेश तरी वेळेवर येईल. जागा रस्त्यालगतची, सपाट आणि विहिरीजवळची निवडावी. निवडणुकीच्या वर्षी रजा घ्यावी. आणि एवढे काहीच जमत नसेल तर आग लावल्यावर पळून न जाता अर्धा तास थांबावे. आमच्याकडे डहाळ्या पुष्कळ आहेत, धरायला हात कमी पडतात. मजुरीचा कागद आपल्या नावाने करून ठेवतो. नाव काय लिहायचे तेवढे सांगा. ‘अज्ञात इसम’ लिहिले तर कोषागार बिल परत पाठवते.

कळावे. लोभ आहेच, तो थोडा कमी करावा.

आपला नम्र,
वरच्या वाडीतला एक डहाळीवाला

ता. क. : पत्राची पोच द्यावी. धुराने नको, पोस्टकार्डाने.